झेब्राफिशसाठी तिरक्या तळाची अंडी-पेटी : वर्षभराच्या वापरानंतर

झेब्राफिश, म्हणजे मत्स्यपालकांच्या बोलण्यातला झेब्रा डॅनिओ, पाळायला सोपा आणि त्याची पैदासही सोपी, असे नेहमी सांगितले जाते. यातले पहिले विधान पूर्ण खरे आहे. दुसरे मात्र अर्धेच, कारण हा मासा अंडी सहज देत असला तरी ती पाळणाऱ्याच्या हाती क्वचितच लागतात. मादीने सोडलेली अंडी तळाशी पोहोचतात न पोहोचतात तोच ती मादी, तिच्यामागे धावणारा नर आणि टाकीतले उरलेले मासे मिळून त्यांचा फडशा पाडतात. या अडचणीवर उपाय म्हणून ज्या पेट्या मिळतात त्यांपैकी तिरक्या तळाची एक पेटी मी गेले वर्षभर नियमितपणे वापरली आणि तिच्याविषयी सविस्तर लिहावे असे वाटले. उत्पादकाचे नाव येथे देत नाही. थोड्याफार फरकाने हीच रचना अनेक जण बनवतात आणि माझे म्हणणे रचनेविषयीच आहे.

पेटीचे भाग मोजकेच आहेत. बाहेरची पारदर्शक प्लास्टिकची पेटी साधारण एक लिटर पाण्याची असून तिच्यात तंतोतंत बसणारा एक आतला ट्रे आहे. या ट्रेच्या तळाला समांतर खाचा आहेत, ज्यांतून अंडी खाली पडतात पण मोठे मासे जाऊ शकत नाहीत. ट्रेच्या मधोमध नर आणि मादी यांना वेगळे ठेवण्यासाठी सरकवता येणारा पारदर्शक आडपडदा आहे. वर झाकण आहे. सोबत प्लास्टिकचे एक रोप आणि एक माहितीपत्रक मिळते. या पेटीचे वैशिष्ट्य म्हणजे आतला ट्रे एका बाजूने उचलून खोबणीत अडकवता येतो, त्यामुळे त्याचा तळ तिरका होतो आणि एका टोकाला पाणी खोल, तर दुसऱ्या टोकाला उथळ राहते. बाकी सगळे भाग साध्या सपाट पेटीतही मिळतात. तेव्हा ही पेटी घ्यावी की नाही हा प्रश्न मुख्यतः या तिरकेपणाचा आहे आणि त्याचे उत्तर पेटीत शोधून मिळत नाही, ते हा मासा जिथला आहे तिथल्या पाण्यात शोधावे लागते.

फ्रान्सिस हॅमिल्टन या ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील वैद्याने 1822 मध्ये प्रसिद्ध झालेल्या गंगेच्या माशांवरील ग्रंथात या माशाचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. त्याला तो कोसी नदीत मिळाला होता. आज त्याचे शास्त्रीय नाव डॅनिओ रेरिओ असे आहे. ‘डॅनिओ’ हे नाव ‘धानी’ या बंगाली शब्दावरून आले असे मानले जाते, म्हणजे भातखाचरातला मासा. मराठी वाचकाला त्यात ‘धान’ लगेच ऐकू येईल. मला हे नाव फार नेमके वाटते. हा मासा कार्प आणि मिनो या गोड्या पाण्यातल्या माशांच्या मोठ्या गटातला, तीन-चार सेंटिमीटर लांबीचा, अंगावर निळ्या उभट नव्हे तर आडव्या, थेट शेपटीपर्यंत जाणाऱ्या पट्ट्या असलेला आणि थव्याने राहणारा आहे. भारत, नेपाळ आणि बांगलादेश येथील नद्यांच्या खोऱ्यांत तो सापडतो, मात्र नदीच्या मुख्य, खोल आणि जोरकस प्रवाहापेक्षा त्या प्रवाहाला लागून असलेल्या पाण्यात त्याचा वावर अधिक असतो. संथ ओहोळ, नदीचे सुटलेले फाटे, पुराचे पाणी साचून झालेली डबकी, कालवे आणि भाताची खाचरे ही त्याची घरे आहेत. डोंगराळ भागात तो वाहत्या, खडकाळ ओढ्यांतही मिळतो, पण मैदानी प्रदेशातल्या त्याच्या जागा बहुधा उथळ, तळाशी गाळ आणि काठाला गवत-पाणवनस्पती असलेल्या आहेत.

त्याचे वर्षही नदीच्या वर्षाशी बांधलेले आहे. पावसाळ्यात पाणी चढते, काठ ओलांडून पसरते आणि काल कोरड्या असलेल्या जमिनीवर वीतभर पाण्याचा थर तयार होतो. या नव्या पाण्यात सूक्ष्म प्राणी आणि डासांच्या अळ्या भरपूर असतात, तर मरळ, शिंगटी यांसारख्या मोठ्या भक्षक माशांना तिथे फिरणे तितकेसे सोपे नसते. झेब्राफिशची पिल्ले प्रामुख्याने याच काळात जन्मतात आणि झपाट्याने वाढतात. निसर्गातला हा मासा साधारणपणे एका वर्षाचा धनी असतो. पहिल्याच हंगामात अंडी देऊन बहुतेक मासे संपतात, जरी टाकीत हाच मासा तीन वर्षे, कधी त्याहून अधिक जगत असला तरी. एवढ्या आखूड आयुष्यात घरटे करणे, अंडी राखणे, पिल्ले सांभाळणे यांना जागाच नाही. मादी एका सकाळी थोडी थोडी करून दोन-तीनशे अंडी उथळ पाण्यात विखरते आणि तिथेच तिचे काम संपते. ती अंडी चिकट नसतात, पाण्यापेक्षा जड असतात आणि दगडगोट्यांच्या फटींत जाऊन बसतात. फटीत गेलेले अंडे वाचते आणि वर राहिलेले कोणाच्या तरी पोटात जाते, मग ते पोट प्रत्यक्ष आईचे का असेना. आईने आपलीच अंडी खाणे नव्याने मासे पाळणाऱ्याला क्रूर वाटते. पण जी मादी आपले अंडे ओळखतच नाही तिच्या दृष्टीने तो समोरून जाणारा एक खाद्यकण आहे.

खाचांच्या तळाचे काम नेमके हेच आहे, दगडांमधल्या फटीची नक्कल. पूर्वीचे मत्स्यपालक यासाठी टाकीच्या तळाशी काचेच्या गोट्यांचे दोन थर पसरत असत, आणि मीही अनेक वर्षे तेच केले. गोट्यांची पद्धत वाईट नाही. माशांना तर ती अधिक आवडत असावी, कारण प्रयोगांत झेब्राफिशने गाळापेक्षा खडीवर अंडी देणे पसंत केल्याचे आढळले आहे. तिचा दोष एकच, पण मोठा: अंडी गोळा करण्यासाठी प्रत्येक गोटी उचलून धुवावी लागते आणि तोपर्यंत गोट्यांखाली अडकलेले उरलेले खाद्य व विष्ठा सगळे अंड्यांबरोबर मिसळलेले असते. पेटीत हा त्रास नाही. मासे ट्रेसकट उचलून दुसऱ्या पाण्यात ठेवले की खाली फक्त अंडी उरतात. मला या पेटीतले सर्वांत मोठे समाधान या एका हालचालीने दिले.

खाचांची रुंदीही विचारपूर्वक ठरवलेली दिसते. झेब्राफिशच्या अंड्याचा व्यास सुमारे 0.7 मिलिमीटर असतो. पाण्यात पडल्यावर त्याचे बाहेरचे आवरण फुगते आणि ते एक मिलिमीटरच्या थोडे वर जाते. या पेटीतल्या खाचा त्याहून निश्चितपणे रुंद आहेत, त्यामुळे फुगलेले अंडेही अडकत नाही, आणि तरी सडपातळ नरसुद्धा त्यांतून खाली घुसू शकत नाही. याआधी वापरलेल्या एका सपाट पेटीत खाचा इतक्या बारीक होत्या की काही अंडी वरच राहत आणि सकाळी उठून पाहावे तो संपलेली असत.

आता तिरकेपणाविषयी. प्रयोगशाळांत झेब्राफिश वाढवणाऱ्यांनी काही वर्षांपूर्वी ही गोष्ट तपासून पाहिली, की सपाट तळाऐवजी उथळ आणि खोल असे दोन्ही भाग दिले तर मासे कुठे अंडी देतात. त्यांना उथळ भागाकडे स्पष्ट कल आढळला आणि अशा रचनेत अंडीही अधिक मिळाली. काठावर पसरलेल्या पावसाळी पाण्याचे चित्र डोळ्यांसमोर ठेवले तर यात नवल नाही. माझा अनुभवही तसाच आहे, मात्र तो मोजमापाचा नसून नजरेचा आहे. ट्रे सपाट ठेवला असता नर मादीच्या मागे पेटीभर गोल गोल फिरत राहतो आणि बराच वेळ निघून जातो. ट्रे तिरका केला की पाठलागाला दिशा येते. नर मादीच्या कडेने पोहत, तिच्या पोटाशी तोंडाने हलकेच ढोसत तिला उथळ टोकाकडे नेतो, तिथे दोघे क्षणभर शेजारी शेजारी थरथरतात आणि अंडी व शुक्राणू एकाच वेळी पाण्यात सुटतात. हे एकाच वेळी सुटणे महत्त्वाचे आहे. माशाच्या शुक्राणूंची हालचाल गोड्या पाण्याचा स्पर्श झाल्यावर फारच थोडा वेळ टिकते, आणि नर-मादी शेजारी येण्याआधी पाठलागात वेळ गेला तर मादी दमते. मी सपाट पेटीत दमलेल्या माद्या पाहिल्या आहेत. त्या कोपऱ्यात, रोपाच्या आड जाऊन बसतात आणि त्या दिवशी पुन्हा बाहेर येत नाहीत.

तरीही या तिरकेपणात एक उणीव आहे. ट्रे अडकवण्यासाठी खोबणीची एकच पायरी दिली आहे आणि तिचा उतार माझ्या मते जास्त आहे. पाणी खुणेपर्यंत भरले तर उथळ टोकाला ते इतके पातळ राहते की पूर्ण वाढलेल्या, पोट भरलेल्या मादीची पाठ पाण्याबाहेर येते. उथळ म्हणजे माशाला सहज वळता येईल एवढे तरी पाणी हवे. मी पाणी खुणेच्या बोटभर वर भरतो आणि मग काम नीट होते, पण तसे केल्याने पाण्याची पातळी झाकणाच्या फार जवळ येते. दोन किंवा तीन पायऱ्यांची खोबणी देणे उत्पादकाला अवघड नव्हते.

आडपडद्याबाबत माझे मत मिश्र आहे. त्याची गरज निःसंशय आहे. झेब्राफिशची अंडी पहाटे पडतात; अंधारानंतर उजेड होणे हा त्याचा मुख्य इशारा असतो आणि दिवस सुरू झाल्यावर पहिल्या एक-दोन तासांत बहुतेक काम आटोपते. म्हणून आदल्या संध्याकाळी नर एका बाजूला आणि मादी दुसऱ्या बाजूला ठेवावी, रात्रभर दोघांना एकाच पाण्यात राहू द्यावे आणि सकाळी उजेड करून पडदा काढावा, अशी पद्धत आहे. एकाच पाण्यात राहू देण्याला कारण आहे: नराच्या शरीरातून पाण्यात उतरणाऱ्या संप्रेरकजन्य पदार्थांचा वास मादीला पोहोचतो आणि तिच्या पोटातली अंडी पक्व होऊन सुटण्यास त्याची मदत होते. पडद्याला बारीक छिद्रे आहेत आणि ती याच कामाची आहेत. परंतु पडदा वरच्या बाजूला झाकणापर्यंत पोहोचत नाही; दोघांमध्ये सुमारे बोटभर मोकळी जागा राहते. हा मासा उडी मारणारा आहे हे ज्याला ठाऊक आहे तो अशी जागा सोडणार नाही. माझ्याकडे दोन वेळा नर रात्रीच पलीकडे गेला आणि सकाळी उजेड करण्याआधीच अंडी पडून गेलेली होती. अंडी वाया गेली नाहीत, पण ती केव्हा पडली हे न कळल्याने त्यांची वाढ घड्याळ लावून पाहण्याचा बेत राहिला. आता मी वरच्या फटीत स्पंजाची पट्टी बसवतो.

पेटी पूर्ण पारदर्शक आहे, ही गोष्ट दिवसा चांगली आणि रात्री त्रासाची. खोलीतला दिवा रात्री लागला तरी माशांची पहाट चुकते. चौदा तास उजेड आणि दहा तास अंधार हे प्रमाण झेब्राफिशसाठी सर्वत्र वापरले जाते. ते पाळायचे तर पेटीवर जाड, गडद कापड घालावेच लागते. माहितीपत्रकात याचा उल्लेखही नाही आणि मला वाटते की ‘पेटी घेतली पण अंडी मिळाली नाहीत’ अशी तक्रार करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची अडचण पेटीत नसून त्या अर्धवट अंधारात असते.

यानंतर सांगायचा दोष मला सर्वांत गंभीर वाटतो. आतल्या ट्रेच्या खाचांच्या कडा साच्यातून निघाल्यावर घासलेल्या नाहीत. बोट फिरवले तर काही ठिकाणी बारीक, टोकदार कंगोरे लागतात. पहिल्या दोन-तीन वेळा मी याकडे लक्ष दिले नाही. एका सकाळी पडदा काढला तेव्हा पाठलाग उत्तम सुरू झाला, पण थोड्याच वेळात एक नर उथळ टोकाला तळाशी घासला गेला आणि त्याच्या कुशीवरचे दोन-तीन खवले निघाले. जखम नगण्य होती. मात्र पुढच्या काही क्षणांत पेटीतले सर्व मासे वेड्यासारखे इकडेतिकडे धावले आणि मग खोल टोकाच्या तळाशी एकमेकांना चिकटून निश्चल झाले. त्या दिवशी एकही अंडे पडले नाही.

हा माशांचा भित्रेपणा नव्हे, त्यांच्या शरीराची योजना आहे. मिनो, कार्प आणि त्यांच्या आप्तांच्या त्वचेत काही खास पेशी असतात, ज्यांचे तोंड बाहेर उघडत नाही. त्वचा फाटली तरच त्यांतला पदार्थ पाण्यात मिसळतो. तो वास थव्यातल्या इतर माशांना मिळताच ते संकट जवळ आले असे समजून वागतात. कार्ल फॉन फ्रिश यांनी, ज्यांना पुढे मधमाश्यांच्या नृत्यभाषेच्या संशोधनासाठी 1973 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, 1938 मध्ये युरोपातल्या मिनोवर ही गोष्ट प्रथम नोंदवली. झेब्राफिशमध्येही ती तितक्याच ठळकपणे दिसते. नदीत या इशाऱ्याचा अर्थ सरळ आहे: जवळच कोणाला तरी मरळीने किंवा खंड्याने धरले आहे. एक लिटरच्या पेटीत मात्र तोच वास सगळीकडे भरून राहतो, पळून जायला जागा नसते आणि ज्या पाण्यात मृत्यूचा वास आहे तिथे कोणताही मासा अंडी देणार नाही. म्हणून ट्रेच्या कडा गुळगुळीत असणे ही केवळ सफाईची बाब नाही, ती या पेटीच्या मूळ उद्देशाची पहिली अट आहे. मी बारीक पॉलिश पेपरने प्रत्येक खाच घासून काढली. त्याला एक दुपार लागली आणि त्यानंतर असा प्रसंग पुन्हा घडला नाही. पण हे काम विकत घेणाऱ्याने करायचे नसते.

झाकण घट्ट बसते आणि त्याला हवेसाठी केवळ दोन लहान छिद्रे आहेत. एवढ्याशा पाण्यात चार मासे रात्रभर ठेवायचे तर पाण्याच्या पृष्ठभागाशी हवा खेळती राहायला हवी, त्यामुळे मी झाकण पूर्ण न लावता त्याखाली एका बाजूला पातळ काडी ठेवतो. तापमानाचेही तसेच. निसर्गातला झेब्राफिश हिवाळ्यातील सुमारे 6 अंशांपासून उन्हाळ्यातील सुमारे 38 अंशांपर्यंतचे पाणी सोसतो, ही त्याची सहनशक्ती थक्क करणारी आहे. पण सोसणे वेगळे आणि अंडी देणे वेगळे. पैदाशीसाठी 28 अंशांच्या आसपासचे पाणी हवे आणि एक लिटर पाणी रात्रीतून खोलीइतके थंड होते. पेटीत हीटर बसण्याची सोय नाही. थंडीच्या दिवसांत पेटी मोठ्या, गरम पाण्याच्या परातीत ठेवून मी निभावून नेले.

माहितीपत्रकाबद्दल मला खंत आहे, कारण ते वाचून पहिल्यांदाच पैदास करणारा माणूस चुकीच्या वाटेने जाईल. मासे पेटीत दोन दिवस ठेवावेत आणि त्यांना तिथेच खाद्य द्यावे, असे त्यात लिहिले आहे. यातले काहीच करू नये. पेटीत खाद्य टाकले की ते खाचांतून खाली जाते, कुजते आणि अंड्यांवर बुरशी धरते. आणि पहिल्या सकाळी अंडी पडली नाहीत तर मासे मोठ्या टाकीत परत सोडून आठवडाभराने पुन्हा प्रयत्न करणे दोघांच्याही हिताचे असते. मादीला आठवड्यातून एकदाच बसवावे हा माझा नियम आहे. अंडी ‘एका दिवसात फुटतात’ हे विधानही बरोबर नाही. 28.5 अंशांना झेब्राफिशचे अंडे दोन ते तीन दिवसांत फुटते आणि पाणी थंड असेल तर त्याहून उशिरा.

एका दिवसात जे घडते ते फुटण्याहून कितीतरी अधिक आहे आणि ज्यांच्याकडे साधे सूक्ष्मदर्शक किंवा चांगले भिंग आहे त्यांनी ते चुकवू नये. फलित अंडे पारदर्शक असते, आतला पिवळसर गोळा आणि त्यावर बसलेला पेशीचा घुमट स्पष्ट दिसतो. सुमारे पाऊण तासाने त्या एका पेशीच्या दोन होतात, मग दर पंधरा मिनिटांनी दुप्पट, त्यामुळे चहा घेऊन परत येईपर्यंत चित्र बदललेले असते. दहा तासांत गर्भाचे डोके आणि शेपूट यांच्या जागा ठरतात. चोवीस तासांनी अंड्याच्या आत गुंडाळलेले शरीर झटके देऊ लागते, डोळ्यांत काळेपणा उतरू लागतो आणि छातीच्या जागी एक नळी ठोके देताना दिसते. मी हे अनेकदा पाहिले आहे आणि दर वेळी पहिल्यासारखाच थांबून जातो. अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठातील जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी या माशाला प्रयोगशाळेत आणले, 1981 मध्ये त्यांचे गाजलेले संशोधन प्रसिद्ध झाले आणि आज जगभर त्यावर काम चालते, त्यामागे ही पारदर्शकता हे एक मोठे कारण आहे. 2013 मध्ये त्याचा संपूर्ण जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला तेव्हा मानवाच्या सुमारे 70 टक्के जनुकांना त्यात जुळणारे जनुक सापडले. भातखाचरातला हा मासा तिथवर पोहोचला आणि त्याच्यासाठी प्रयोगशाळांनी घडवलेल्या पेट्या आता आपल्यासारख्यांच्या हाती येत आहेत.

बाहेरची पेटीच पुढे पिल्लांसाठी वापरावी, हा माहितीपत्रकातला सल्लाही मी मानत नाही. तिचा तळ सपाट असून कोपरे काटकोनी आहेत, त्यामुळे अंडी कोपऱ्यांत साठतात, एकमेकांवर ढीग करतात आणि त्यांतले एक जरी पांढरे पडले तरी बुरशी शेजारच्या अंड्यांवर पसरते. मी अंडी ड्रॉपरने उचलून रुंद, उथळ काचेच्या भांड्यात हलवतो, पांढरी पडलेली दिवसातून दोनदा काढून टाकतो आणि थोडे थोडे पाणी बदलतो. उथळपणाला दुसरेही कारण आहे. अंड्यातून निघालेले पिल्लू पहिले काही दिवस पोहत नाही. डोक्यावरच्या चिकट पेशींनी ते भांड्याच्या भिंतीला किंवा पानाला लटकून राहते आणि पोटाखालच्या पिवळ्या साठ्यावर जगते. चौथ्या-पाचव्या दिवशी ते वर येऊन पृष्ठभागावरची हवा गिळते, तेव्हा त्याची पोहण्याची पिशवी फुगते आणि ते खऱ्या अर्थाने पोहू लागते. पाणी खोल असेल किंवा पृष्ठभागावर तेलकट साय असेल तर ही एक झेप साधत नाही आणि पिल्लू तळाशीच राहून मरते. निसर्गातल्या वीतभर पाण्याचे महत्त्व मला इथे पुन्हा पटले. पोहू लागलेल्या पिल्लांना आधी पॅरामेशियमसारखे सूक्ष्म खाद्य आणि थोडी मोठी झाल्यावर नुकते अंड्यातून निघालेले आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे इवले जीव, द्यावे. साधारण तीन महिन्यांत ती स्वतः अंडी देण्याजोगी होतात.

पेटी नीट चालू लागली की पिल्ले भराभर वाढतात आणि ती सगळी ठेवायला जागा नसते, म्हणून एक गोष्ट येथेच सांगणे मला आवश्यक वाटते. ती जवळच्या ओढ्यात, विहिरीत किंवा तळ्यात सोडू नयेत. हा मासा आपल्याच उपखंडातला असला तरी टाकीतल्या पिढ्या लांब शेपटीच्या, ठिपक्यांच्या, कधी बदललेल्या जनुकांच्याही असतात. निळ्या किंवा अतिनील प्रकाशात चमकणारा जनुकबदल केलेला झेब्राफिश 2003 च्या अखेरीस अमेरिकेत विक्रीला आला आणि त्यानंतर ब्राझीलमध्ये तसे मासे मत्स्यपालन केंद्रांतून निसटून ओढ्यांत अंडी देत असल्याचे संशोधकांनी 2022 मध्ये प्रसिद्ध केले. आधी किती पिल्लांना जागा आणि नवे पालक मिळतील ते ठरवावे आणि तेवढीच अंडी ठेवावीत.

ज्यांना टाकीत अधूनमधून चार पिल्ले दिसली तरी पुरे आहे त्यांनी ही पेटी घेऊ नये. दाट पाणवनस्पती आणि गोट्यांचा थर एवढ्यावर त्यांचे काम भागेल. ज्यांना ठरलेल्या दिवशी, स्वच्छ आणि एकाच वयाची अंडी हवी आहेत, म्हणजे निवडक जोड्यांपासून वाण राखणारे पालक किंवा विद्यार्थ्यांना गर्भाची वाढ दाखवू इच्छिणारे शिक्षक, त्यांना मी ती घ्यावी असे सांगेन आणि सपाट पेटीपेक्षा तिरकीच घ्यावी असेही. घेतल्यावर पहिल्या दिवशी मासे सोडू नयेत. आधी ट्रेच्या सगळ्या खाचांवर बोट फिरवून कंगोरे घासून काढावेत, आडपडद्यावरची फट बंद करावी, साबण न वापरता गरम पाण्याने पेटी दोन-तीन वेळा धुवावी आणि ती एक रात्र टाकीच्याच पाण्याने भरून ठेवावी, म्हणजे नव्या प्लास्टिकचा वास निघून जातो. सोबत आलेले प्लास्टिकचे रोप खोल टोकाला ठेवावे. उथळ टोकाला ठेवले तर नेमकी अंडी देण्याची जागा अडते आणि दमलेल्या मादीला आडोसा हवा असतो तो खोल पाण्यातच.